कालीघाट : पाला आणि दर्शन

भारतातील अनेक प्रसिद्ध देवीस्थाने डोंगरमाथ्यावर वसलेली आहेत. कामाख्या, वैष्णोदेवी, सप्तशृंगी या ठिकाणी चढण चढून जाणे हाच उपासनेचा एक भाग मानला जातो. कोलकात्याचे कालीघाट याला अपवाद आहे. येथे चढण नाही. भक्ताला पार करावी लागते ती महानगराची गर्दी. ही गर्दी केवळ लोकसंख्येमुळे झालेली नाही. एका बाजूस परंपरेने चालत आलेला सेवेचा हक्क व दुसऱ्या बाजूस सर्वसामान्य भक्ताचा दर्शनाचा हक्क, असे दोन हक्क या अरुंद जागेत एकत्र येतात. कालीघाटच्या दर्शनाचे स्वरूप या दोहोंच्या संबंधातूनच समजू शकते.

‘घाट’ या नावातच स्थळाचा पूर्वेतिहास आहे. मंदिराजवळून वाहणारा आदिगंगेचा प्रवाह हा हुगळीचा जुना मार्ग होय. मुख्य प्रवाह दूर गेल्यावर हे पात्र गाळाने भरत गेले; १७७५ नंतर विल्यम टॉली या इंग्रज अधिकाऱ्याने ते खोदवून घेतले आणि त्यास ‘टॉलीचा नाला’ हे नाव पडले. आज तेथे शहराचे काळवंडलेले सांडपाणी वाहते. तरीही भाविकांच्या लेखी ती गंगाच आहे. सतीच्या उजव्या पायाची बोटे येथे पडली, अशी शक्तिपीठाची कथा आहे. सध्याचे मंदिर सावर्ण रायचौधुरी घराण्याच्या आश्रयाने १८०९ मध्ये पूर्ण झाले. बंगाली झोपडीच्या वाकलेल्या छपराचे अनुकरण करणारी त्याची ‘आटचाला’ रचना, म्हणजे एकावर एक असे चार-चार उतारांचे दुहेरी छप्पर, शिखरबद्ध देवळे पाहण्याची सवय असलेल्या मराठी प्रेक्षकास प्रथमदर्शनी घरगुती वाटते.

मंगळवारी व शनिवारी, तसेच अमावास्येस गर्दी विशेष असते. दुतर्फा दुकानांत जास्वंदीच्या माळा, पेढे, सिंदूर, अळता, शंखाच्या बांगड्या मांडलेल्या असतात. एकोणिसाव्या शतकात याच परिसरात पटुआ चित्रकार यात्रेकरूंसाठी स्वस्त चित्रे रंगवीत. छापील चित्रांच्या स्पर्धेत ती कला पुढे मागे पडली. भक्त परिसरात शिरताच पंडे त्यास गाठतात, आणि देवीपुढे नेण्याचे, संकल्प सांगण्याचे व दक्षिणेचे बोलणे चालता चालताच होते. गाभाऱ्यासमोरच्या नाटमंदिरातूनही मुखदर्शन घडते. परंतु बहुतेकांची ओढ गाभाऱ्याकडेच असते. तेथे दिसते ती काळ्या पाषाणाची, तीन विशाल नेत्रांची आणि लांब सुवर्णजिव्हा असलेली मूर्ती. शिवाच्या देहावर उभी असलेली चित्रातील परिचित काली येथे नाही. जे आहे ते प्रामुख्याने मुखच. रेटारेटीत लाभणारा अवधी क्षणाचा असतो, आणि त्या क्षणासाठीच हा सारा खटाटोप असतो.

या परिसरात उपासनेचे भिन्न प्रवाह शेजारी शेजारी नांदतात. नाटमंदिरालगत बकऱ्याचा बळी देण्याची जागा आहे. त्याच आवारात श्यामराय या नावाने राधाकृष्णाचे मंदिर असून तेथील निरामिष नैवेद्याचा स्वयंपाक वेगळा होतो. कार्तिकी अमावास्येस सारा बंगाल कालीपूजा करीत असता येथे देवीची लक्ष्मीरूपाने पूजा होते. बंगाली नववर्षाच्या दिवशी व्यापारी आपली नवी खातेवही, म्हणजे ‘हालखाता’, पूजेसाठी येथे आणतात. दिवाळीतील वहीपूजन ज्यांना ठाऊक आहे त्यांस हा विधी अपरिचित वाटणार नाही.

मात्र या साऱ्यामागील व्यवस्थेची गुरुकिल्ली ‘पाला’ या शब्दात आहे. मराठीतील ‘पाळी’ हाच तो शब्द. हालदार घराण्यांतील सेवायतांमध्ये सेवेचे दिवस वाटलेले आहेत. ज्याचा पाला असेल त्याने त्या दिवशीच्या पूजेचा व भोगाचा खर्च करावयाचा आणि त्या दिवसाचे उत्पन्न घ्यावयाचे, असा रिवाज. वारसांच्या पिढ्या वाढत गेल्या तसतसे हे दिवसही अंशाअंशांनी विभागले गेले. पाला हा वारशाने मिळणारा, व रूढीनुसार मर्यादित वर्तुळात हस्तांतरित होऊ शकणारा हक्क आहे, हे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कलकत्ता उच्च न्यायालयानेही मान्य केले. अशा प्रकारे सेवा ही एकाच वेळी कर्तव्य व मिळकत ठरली. ज्याच्या वाट्यास वर्षातून मोजकेच दिवस येतात त्याने त्या दिवसांकडे उपजीविका म्हणून पाहावे, यात अस्वाभाविक असे काही नाही. पण त्याचा भार शेवटी रांगेतील भक्तावर पडतो, हेही तितकेच खरे.

म्हणूनच देवस्थान कोणाचे, हा प्रश्न न्यायालयात जाणे अटळ होते. हा वाद १९६०च्या दशकाच्या आरंभी सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. सेवायतांबरोबर बाहेरचे प्रतिनिधी असलेली समिती व्यवस्थापनासाठी आली. पंढरपूरशी याची तुलना उद्बोधक ठरते. तेथे १९७३च्या कायद्याने बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्कच रद्द करण्यात आले आणि २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो वाद संपला. पंढरपुरात हक्क संपविला गेला. कालीघाटात तो देखरेखीखाली ठेवला गेला. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे होत.

१९८६ मध्ये भुयारी रेल्वे कालीघाटपर्यंत आली. २०२५ मध्ये मंदिराकडे जाणारा उन्नत पादचारी मार्ग खुला झाला. वाट त्यामुळे निश्चितच सुकर झाली. परंतु त्या मार्गाच्या टोकाशी पाला व पाळीची वाट पाहणारा भक्त यांचा जुना संबंध तसाच उभा आहे. सेवायताचा हक्क देवीच्या सेवेतून उत्पन्न झालेला आहे, आणि त्या सेवेचा हेतू दर्शन हाच आहे. फुलांची परडी हाती धरून उभ्या असलेल्या वृद्धेस तो एक क्षण सन्मानाने लाभतो की नाही, यावरच कोणत्याही व्यवस्थेची योग्यता ठरावी.