मालेगावचा सुपरमॅन आणि हिरवा कपडा

द्रोणागिरीच्या आमच्या दुकानातून एका व्हिडिओवाल्याने हिरव्या साटीनचा ताका नेला आणि चौथ्या दिवशी परत आणला. चूक आमचीच. कपडा कशाला हवा, हे आम्ही विचारलेच नाही.

मालेगावच्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' काढला. ट्रॉलीच्या जागी सायकल, क्रेनच्या जागी बैलगाडी! पुढे यंत्रमागावरच्या कामगाराला हिरव्या पडद्यापुढे सुपरमॅन करून उडवले. रीमा कागती यांच्या 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव'ने २०२५ मध्ये या मंडळींना सलामच केला.

छायाचित्रकार कपडा पाहतो तो निराळ्याच नजरेने. संगणक हिरवा रंग पुसून तेथे आकाश बसवतो. माणसाच्या कातडीत हा रंग नसतो म्हणून हिरवा. साटीनची चमक कॅमेऱ्यात पांढरी पडते, सुरकुतीची सावली काळी. दोन्ही नीट पुसले जात नाही. पाहिजे जाड, बिनचमकीचा सुती कपडा, मोठ्या पन्ह्याचा, एकाच रंगाईचा. आता हे काम मोबाइलवरही होते, पण कपड्याची अट सुटलेली नाही. कोरा माल तर मालेगाव-भिवंडीच्या मागांवरच निघतो.

ताका फाडण्याआधी गिऱ्हाइकाला हातभर तुकडा द्यावा. दिव्यासमोर धरून मोबाइलमध्ये पाहू द्यावा. आमचे साटीन अजून फळीवर पडून आहे.