एका धडकेसाठी दोन भिंगे

चेन्नईच्या नैऋत्येला, कांचीपुरम जिल्ह्यातले ओरगडम आज देशभर ओळखले जाते ते मोटारउद्योगामुळे. रेनो-निसानच्या गाड्या आणि डायमलरचे ट्रक तिथे तयार होतात. केंद्र सरकारच्या ‘नॅट्रिप’ प्रकल्पातून उभे राहिलेले ग्लोबल ऑटोमोटिव्ह रिसर्च सेंटर, म्हणजेच ‘जीएआरसी’, तिथलेच. अपघातात गाडीतल्या माणसांचा बचाव कितपत होतो, हे तपासणे हा या केंद्राच्या कामाचा एक मुख्य भाग आहे. भारतीय बाजारातल्या गाड्यांच्या धडक-चाचण्यांचे जे निकाल २०१४पासून गाजू लागले, त्या चाचण्या जर्मनीत होत असत. १ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘भारत एनकॅप’ सुरू झाले आणि गाडीला तारे देण्याची व्यवस्था आपल्याच देशात आली. धडक-चाचणीत फिल्म हा महत्त्वाचा पुरावा असतो. ती घेताना एकाच बाजूला दोन कॅमेरे लावण्याची पद्धत जगभर आहे: एकाचे भिंग रुंद, पूर्ण गाडी टिपणारे, दुसऱ्याचे लांब, फक्त चालकाच्या जागेवर रोखलेले. एक चांगले झूम भिंग असताना दोन कॅमेऱ्यांचा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कुणालाही पडेल. क्षण थांबणार नसेल तर भिंग बदलण्याची सोय कुचकामी ठरते. दोन्ही भिंगे आधीच रोखलेली असावी लागतात. पण या जोडीचा उपयोग भिंगांच्या दर्जापेक्षा ती कशी बसवली आहेत यावर जास्त अवलंबून असतो.

आधी वेळेचा हिशेब करू. ‘भारत एनकॅप’च्या समोरून होणाऱ्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने, आपल्या रुंदीच्या ४० टक्के भागाने, दबणाऱ्या अडथळ्यावर आदळते. हा वेग सेकंदाला १७.८ मीटर इतका होतो. धडकेचा मुख्य भाग साधारण दशांश सेकंदात आटोपतो आणि एअरबॅग ३० ते ५० मिलिसेकंदांत फुगलेली असते. सेकंदाला १,००० चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये गाडी सुरुवातीला पावणेदोन सेंटीमीटर पुढे गेलेली असते. एवढ्या अवधीत माणसाचा हात हलत नाही, झूमची मोटरही फिरत नाही. म्हणून इथे रुंद दृश्यावरून जवळच्या दृश्यावर जाणे घडते ते चाचणीनंतर, पडद्यासमोर. तज्ज्ञ रुंद फिल्म एखाद्या मिलिसेकंदाला थांबवतात आणि त्याच मिलिसेकंदाचे जवळचे चित्र उघडतात. ही कल्पना जुनी आहे. एडवर्ड मायब्रिज याने १८७८मध्ये कॅलिफोर्नियात धावत्या घोड्याची चित्रे घेतली तेव्हा धावेच्या कडेला १२ कॅमेरे ओळीने मांडले होते. घोडा थांबणार नव्हता, म्हणून कॅमेरेच आधी आपापल्या जागी उभे राहिले.

आता भिंगाचा हिशेब. समजा, कॅमेऱ्याचा सेन्सर २० मिलिमीटर रुंद आहे आणि गाडी ६ मीटर अंतरावर आहे. २४ मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग लावले तर चित्रात ५ मीटरचा पट्टा मावतो, म्हणजे जवळजवळ पूर्ण गाडी. ८५ मिलिमीटरचे भिंग लावले तर मावतो फक्त १.४ मीटरचा. चित्राच्या रुंदीत १,०२४ पिक्सेल असतील, तर पहिल्या चित्रात एका पिक्सेलच्या वाट्याला सुमारे ५ मिलिमीटर येतात, दुसऱ्यात १.४. गाडी अडथळ्यावर किती फिरली, मागचा भाग किती उचलला गेला, हे पहिल्याच चित्रात कळते. चालकाच्या जागी बसवलेल्या पुतळ्याची, म्हणजे डमीची, हनुवटी एअरबॅगवरून घसरली का, सीटबेल्टचा पट्टा खांद्यावरून सरकला का, हे दुसरे सांगते. एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही.

झूमच्या बाजूने बोलणारे मंगळाचा दाखला देऊ शकतील आणि तो वजनदार आहे. ‘क्युरिऑसिटी’ बग्गी २०१२मध्ये मंगळावर उतरली तेव्हा तिच्या खांबावर शेजारी-शेजारी दोन कॅमेरे होते, डावा ३४ मिलिमीटरचा आणि उजवा १०० मिलिमीटरचा. मूळ योजना झूमची होती, पण ती भिंगे वेळेत तयार होऊ शकली नाहीत. २०२१मध्ये उतरलेल्या ‘पर्सिव्हरन्स’वर मात्र दोन्ही कॅमेऱ्यांना झूम मिळाले. म्हणजे संधी मिळताच तज्ज्ञांनी झूमच निवडले. हे खरे आहे, आणि मंगळासाठी ते योग्यही आहे. तिथला खडक आज आहे तसाच उद्या असणार; भिंग सावकाश फिरवावे, दोन्ही डोळे सारख्या नाभीय अंतरावर आणावेत आणि खोलीचा अंदाज घ्यावा. धडकेत ही सवड नसते. शिवाय काही कॅमेरे खुद्द आदळणाऱ्या गाडीवरच बसवलेले असतात. ताशी ६४ किलोमीटरवरून दशांश सेकंदात थांबणाऱ्या गाडीला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी १८ पट मंदन सोसावे लागते आणि क्षणिक धक्के त्याहून मोठे असतात. झूम भिंगात आतल्या काचा सरकत्या असतात. ठरावीक नाभीय अंतराचे, स्क्रूने घट्ट आवळलेले भिंग हा मार सोसायला जास्त भरवशाचे.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. आता सेकंदाला १,००० चित्रे फोर-के दर्जात घेणारे कॅमेरे आहेत. मग रुंद चित्र घेऊन हवा तेवढा तुकडा मोठा का करू नये? वरच्या उदाहरणातली जवळच्या चित्राची बारकाई रुंद चित्रातून मिळवायची, तर दोन्ही दिशांना साडेतीन पट, म्हणजे एकूण बारा पटींहून अधिक पिक्सेल लागतील. तेवढे पिक्सेल मिळाले तरी त्यांच्यापर्यंत तो तपशील रुंद भिंगातूनच पोहोचला पाहिजे, आणि त्या भिंगाची वक्रता तुकड्यातही उतरते. त्याहून मोठा मुद्दा असा की चाचणीतली गाडी परत वापरता येत नाही. एकाच कॅमेऱ्यावर विसंबलो आणि तो ऐनवेळी बंद पडला, तर आख्खी गाडी वाया गेली. तिसरा आक्षेप, डमीच्या डोक्यात, छातीत आणि मांडीत सेन्सर असताना चित्र हवेच कशाला? सेन्सर धक्का किती बसला ते सांगतात आणि गुणही मुख्यतः त्यांच्यावरच ठरतात. तो धक्का स्टिअरिंगचा होता की दाराच्या खांबाचा, हे चित्रावरून ताडून पाहता येते, आणि गाडीच्या रचनेत सुधारणा करायची तर ते कळायलाच हवे.

मग या जोडीत उणे काहीच नाही का? आहे, आणि ते बसवणीत आहे. दोन्ही कॅमेरे एका ताठ पट्टीवर घट्ट असायला हवेत. पट्टी अंशाच्या दहाव्या भागाने जरी पिळली, तरी ६ मीटरवर दृश्य साडेदहा मिलिमीटर सरकते. रुंद चित्रात ही चूक दोन पिक्सेलची, लांब भिंगात मात्र सात-आठ पिक्सेलची. जे भिंग बारकाई देते तेच बसवणीतला ढिलेपणा मोठा करून दाखवते. दुसरी गोष्ट घड्याळाची. दोन कॅमेऱ्यांत एका मिलिसेकंदाचा फरक पडला की सुरुवातीला पावणेदोन सेंटीमीटरची गफलत होते. म्हणून बंपरवर चिकटवलेली स्पर्शपट्टी दाबली जाताच शून्य क्षणाचा संकेत सगळ्या यंत्रणेला जातो आणि चित्रात दिसेल असा दिवाही लागतो. तिसरी गोष्ट अंतराची. ५ मीटरवरच्या दाराच्या मापाने त्याच्या अर्धा मीटर आत बसलेल्या डमीची हालचाल मोजली तर उत्तर सुमारे ९ टक्क्यांनी कमी येते. दाराच्या पातळीवर लावलेल्या काळ्या-पांढऱ्या खुणा डमीला जशाच्या तशा लागू पडत नाहीत. शेजारच्या दोन कॅमेऱ्यांना एकच वस्तू किंचित वेगळ्या जागी दिसते, हाही त्यातलाच प्रकार. मात्र त्यांच्यातले अंतर आणि कोन नेमके मोजलेले असतील, तर हीच अडचण खोलीचे माप काढण्याचे साधन बनते.

खिशातल्या फोनलाही हाच नियम लागू आहे. ओरगडमच्या शेजारी श्रीपेरुंबुदूरला फॉक्सकॉनने २०२०मध्ये आयफोन ११ची जुळणी सुरू केली. त्याच्या पाठीवर रुंद आणि अतिरुंद असे दोन कॅमेरे आहेत. बोटाने दृश्य लांब-जवळ करताना एका कॅमेऱ्याचे काम दुसरा कधी उचलतो ते सहसा जाणवत नाही, कारण दोघांची जागा, रंग आणि प्रकाश यांचा मेळ आधीच घातलेला असतो. तो मेळ बिघडला तर चित्र नुसते दचकते. चाचणी केंद्रात तो बिघडला, तर गाडीबद्दलचा निष्कर्षच चुकू शकतो. म्हणून वेगवान कॅमेरे आणि महागडी भिंगे विकत घेण्याइतकेच लक्ष ब्रॅकेट, सामायिक घड्याळ आणि वेळोवेळी होणारे कॅलिब्रेशन यांवर द्यायला हवे, आणि चित्रावरून माप घेण्याचे शास्त्र अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात नीट शिकवायला हवे. पैसा असेल तर यंत्रे आणता येतात. त्यांचे एकमत घडवणारी माणसे मात्र इथेच तयार करावी लागतील. गाडी घेताना लोक ज्या ताऱ्यांकडे बघून आपल्या घरच्यांच्या जिवाचा विचार करतात, त्यांची विश्वासार्हता अशा मोजणीवरच टिकते.