स्थलांतरित कुटुंब, निवासाची निवड आणि माध्यमिक शाळा : नवीन पनवेलच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

बदली, नवीन नियुक्ती किंवा व्यवसायाच्या निमित्ताने शहर बदलणाऱ्या कुटुंबापुढे घर कोठे घ्यावे हा प्रश्न मुलांच्या शाळेशी जोडलेला असतो. पाल्य आठवी ते दहावीच्या टप्प्यावर असल्यास तो अधिक गंभीर होतो. ‘चांगली वस्ती म्हणजे चांगली शाळा’ हे समीकरण पाश्चात्त्य देशांतील शालेय व्यवस्थेतून रूढ झाले असून महाराष्ट्रात ते जसेच्या तसे लागू होत नाही. प्रस्तुत लेखात नवीन पनवेल या नियोजित वसाहतीच्या संदर्भात वस्ती आणि माध्यमिक शाळा यांचा संबंध स्पष्ट करून निवडीचे निकष व त्यांचा क्रम मांडला आहे.

बीजसंज्ञा : स्थलांतर, माध्यमिक शिक्षण, नियोजित शहर, अनुदान धोरण, नवीन पनवेल.

प्रस्तावना

पनवेल हे कोकणातील जुने व्यापारी गाव. येथील नगरपरिषदेची स्थापना १८५२ मधील आहे. १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईची आखणी करताना या गावालगत जो नोड वसविला तो नवीन पनवेल होय. १९९८ मध्ये हार्बर मार्गावरील उपनगरी रेल्वे पनवेलपर्यंत आली, २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली, १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचे आणि ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले. या प्रत्येक टप्प्याबरोबर परिसरात नवी कुटुंबे येत राहिली. त्यांत महाविद्यालयीन प्राध्यापकांचीही संख्या लक्षणीय आहे. संस्थांतर्गत बदली, शासकीय बदली किंवा नवीन नियुक्ती यांमुळे सातारा, सांगली, नांदेड, बेळगाव अशा भागांतून आलेल्या या कुटुंबांना अल्प अवधीत घर आणि शाळा असे दोन्ही निर्णय घ्यावे लागतात. त्यांपैकी घराचा करार अकरा महिन्यांनी बदलता येतो. नववीचा प्रवेश तितक्या सहजपणे बदलता येत नाही. म्हणून या दोन निर्णयांचा क्रम आणि आधार तपासणे आवश्यक ठरते.

वस्ती आणि शाळा : संबंधाचे स्वरूप

अमेरिकेत सार्वजनिक शाळेचा प्रवेश सामान्यतः निवासाच्या पत्त्यावरून ठरतो आणि शाळांच्या निधीचा मोठा भाग स्थानिक मालमत्ता करातून येतो. त्यामुळे घर निवडणे म्हणजे शाळा निवडणे असे तेथे घडते. नागरिक आपल्या पसंतीच्या सार्वजनिक सेवा असलेल्या वस्तीकडे स्थलांतर करून जणू पायांनी मतदान करतात, हा विचार चार्ल्स टिबू या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडला. सँड्रा ब्लॅक यांनी मॅसॅच्युसेट्समधील शालेय प्रवेशक्षेत्रांच्या सीमेवरील घरांचा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. प्राथमिक शाळेतील चाचणी गुणांत ५ टक्के वाढ असेल तर पालक घरासाठी सुमारे २.५ टक्के अधिक किंमत मोजतात, असे त्यांना आढळले. चीनमधील मोठ्या शहरांतही नामांकित शाळेच्या प्रवेशक्षेत्रातील घरांना वेगळा भाव असतो.

महाराष्ट्रातील स्थिती निराळी आहे. येथे माध्यमिक शाळेला पत्त्यावर आधारित बंधनकारक प्रवेशक्षेत्र नाही. खारघरचा विद्यार्थी नवीन पनवेलच्या शाळेत आणि नवीन पनवेलचा विद्यार्थी वाशीच्या शाळेत प्रवेश घेऊ शकतो. निवासाच्या अंतराला कायदेशीर महत्त्व आहे ते प्रामुख्याने शिक्षण हक्क कायदा, २००९ खालील २५ टक्के राखीव प्रवेशात. तेथे शाळेपासून १ किलोमीटर व त्यानंतर ३ किलोमीटर असा प्राधान्यक्रम लावला जातो. परंतु हे प्रवेश प्रारंभीच्या वर्गात होतात आणि कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच असते. नववीत येणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा उपयोग नाही. अकरावीचा प्रवेशही दहावीच्या गुणांवर होतो. मुंबई महानगर क्षेत्रात २००९ पासून आणि २०२५-२६ पासून संपूर्ण राज्यात तो केंद्रीभूत ऑनलाइन पद्धतीने चालतो. तात्पर्य, येथे घराचा पत्ता शाळेचा अधिकार देत नाही. तो केवळ शाळेपर्यंतचे अंतर ठरवितो.

नियोजनाचे प्रमाण आणि त्याची मर्यादा

सिडकोने नवी मुंबईसाठी सामाजिक सुविधांचे प्रमाण ठरविताना ५,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक शाळा, १२,५०० लोकसंख्येमागे एक माध्यमिक शाळा आणि ५०,००० लोकसंख्येमागे एक महाविद्यालय असे सूत्र स्वीकारले. त्यानुसार प्रत्येक नोडमध्ये शाळांसाठी भूखंड राखले गेले. अनियोजित उपनगरांच्या तुलनेत ही मोठीच जमेची बाजू आहे.

तथापि हे सूत्र शाळांची संख्या सांगते, प्रकार सांगत नाही. स्थलांतरितांच्या वस्तीत मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू अशा निरनिराळ्या माध्यमांची आणि राज्य मंडळ, केंद्रीय मंडळ अशा निरनिराळ्या अभ्यासक्रमांची मागणी असते. सेक्टरमध्ये शाळा असूनही ती विशिष्ट पाल्याच्या उपयोगाची असेलच असे नाही.

रेल्वेमार्ग नवीन पनवेलची पूर्व आणि पश्चिम अशी विभागणी करतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. पश्चिमेकडील खांदा वसाहतीत सेक्टर ११ मध्ये चांगू काना ठाकूर महाविद्यालयाचा परिसर आहे, तर पिल्लई शिक्षणसंकुल पूर्वेकडील सेक्टर १६ मध्ये आहे. दोन्ही ‘नवीन पनवेल’च. पण नकाशावरील सरळ अंतर आणि मार्ग ओलांडून करावा लागणारा प्रवास यांत फरक पडतो. सकाळच्या अधिवेशनातील शाळेसाठी हा प्रवास जुलैच्या पावसात सायकलने, रिक्षाने की बसने होणार, याचा विचार सदनिका पाहतानाच व्हावा.

वस्तीचे वय आणि अनुदान धोरण

शाळांच्या स्वरूपावर सर्वाधिक परिणाम करणारा आणि तरीही पालकांच्या चर्चेत क्वचितच येणारा घटक म्हणजे वस्तीचे वय. महाराष्ट्रात दीर्घकाळ खाजगी संस्थांच्या माध्यमिक शाळांना शासन वेतन अनुदान देत असे. रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांचा विस्तार याच व्यवस्थेत झाला. २००१ पासून नवीन शाळांना ‘कायम विनाअनुदानित’ तत्त्वावर परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ मध्ये त्यातील ‘कायम’ हा शब्द वगळण्यात आला. त्यानंतर २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्याने नव्या शाळांचा मार्ग जवळपास पूर्णतः शुल्काधारित केला.

याचा अर्थ असा की, जी वस्ती २००१ पूर्वी स्थिरावली तेथे अनुदानित, अल्पशुल्क आणि बहुधा मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा मिळण्याची शक्यता अधिक असते. जी त्यानंतर वाढली तेथे स्वयंअर्थसहाय्यित इंग्रजी माध्यमाच्या शाळा अधिक असणे स्वाभाविक आहे. जुने पनवेल आणि नवीन पनवेल पहिल्या प्रकारात मोडतात, तर उलव्यासारखे नोड दुसऱ्या प्रकारात. नवीन पनवेलमधील के. आ. बांठिया माध्यमिक विद्यालयाला जोडून कनिष्ठ महाविद्यालयही आहे. अशी जोडणी उपयुक्त ठरते, कारण अकरावीच्या केंद्रीभूत प्रवेशात त्याच संकुलातील शाळेच्या विद्यार्थ्यांसाठी अंतर्गत कोटा ठेवलेला असतो. २०२५-२६ च्या प्रक्रियेत तो १० टक्के होता.

मराठी माध्यमात शिकलेल्या पाल्याला आठवीनंतर मराठी माध्यमातच ठेवू इच्छिणाऱ्या पालकांनी म्हणून नव्या वस्तीतील प्रशस्त सदनिकेपेक्षा जुन्या वस्तीतील साध्या घराचा विचार आधी करावा. शाळेचे माध्यम घराच्या चौरस फुटांसाठी बदलले गेले तर त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते.

‘चांगली शाळा’ ओळखण्याचे निकष

शाळेच्या दर्जाचे सर्वमान्य माप म्हणून दहावीच्या निकालाकडे पाहिले जाते. मार्च २०२५ च्या परीक्षेत राज्याचा निकाल ९४.१० टक्के, मुंबई विभागाचा ९५.८४ टक्के आणि कोकण विभागाचा ९८.८२ टक्के होता. सरासरीच जेव्हा इतकी उंच असते तेव्हा ‘शंभर टक्के निकाल’ हा फलक दोन शाळांतील फरक दाखवू शकत नाही. बहुतेक विषयांत ८० गुणांची लेखी परीक्षा आणि २० गुणांचे अंतर्गत मूल्यमापन असते, तर उत्तीर्णतेची मर्यादा ३५ टक्के आहे. हे पाहता उत्तीर्णांचे प्रमाण फार थोडे सांगते.

त्यापेक्षा बोलकी आहे ती पटाची तुलना. एखाद्या वर्षी आठवीत किती विद्यार्थी होते आणि दोन वर्षांनी त्याच तुकडीतील किती जण दहावीच्या परीक्षेस बसले? पट मोठ्या प्रमाणात घटला असेल तर शंभर टक्के निकालामागे अध्यापन आहे की निवड, असा प्रश्न उभा राहतो. दुर्बळ विद्यार्थ्याला नववीतच दाखला घेण्यास सुचविणारी शाळा निकालात उजवी दिसते. मात्र नव्याने आलेल्या, माध्यम किंवा अभ्यासक्रम बदललेल्या विद्यार्थ्याला आधाराची गरज असते तेव्हा तीच शाळा सर्वांत गैरसोयीची ठरू शकते.

पुढील बाबींची माहिती प्रत्यक्ष भेटीतून, तसेच ‘यूडायस प्लस’ या राष्ट्रीय प्रणालीवरील शाळानिहाय नोंदींतून घेता येते :

१) गणित, विज्ञान व भाषा विषयांचे शिक्षक पूर्णवेळ आणि त्या विषयाचे अर्हताधारक आहेत काय, तीन वर्षांत ते किती वेळा बदलले.

२) तुकडीतील विद्यार्थिसंख्या, प्रयोगशाळेचा प्रत्यक्ष वापर आणि मुलींसाठी स्वच्छतागृहांची स्थिती.

३) मध्येच प्रवेश घेणाऱ्यांसाठी पूरक अध्यापनाची सोय.

४) शुल्क. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार शुल्क पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावे लागते आणि निश्चित झालेले शुल्क दोन शैक्षणिक वर्षांसाठी लागू राहते. ही समिती प्रत्यक्षात कार्यरत आहे काय, हे विचारण्याचा अधिकार पालकाला आहे.

५) वाहतूक. २०११ च्या शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असणे अपेक्षित आहे.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना यांतील पहिला निकष विशेष जवळचा वाटावा. अर्हताप्राप्त पण तुटपुंज्या मानधनावरील शिक्षक फार काळ टिकत नाहीत, हे ते आपल्या संस्थांतील तासिका तत्त्वाच्या अनुभवावरून जाणतात. स्थिर शिक्षकवर्ग हे शाळेचे खरे भांडवल होय.

स्थलांतराची वेळ

स्थलांतर कोणत्या इयत्तेत होते याला जागेइतकेच महत्त्व आहे. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यामुळे दाखला मिळण्यातील विलंब हे प्रवेश नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. नववीपासून रिक्त जागेचा प्रश्न येतो. केंद्रीय मंडळाच्या शाळांत नववीतच परीक्षेची नोंदणी होते आणि दहावीत थेट प्रवेश पालकांच्या बदलीसारख्या मर्यादित कारणांसाठीच मिळतो. या शाळांचे सत्र एप्रिलमध्ये सुरू होते, तर राज्य मंडळाच्या शाळांचे परंपरेने जूनच्या मध्यास. मे महिन्यात येणाऱ्या कुटुंबाला केंद्रीय मंडळाचा नववीचा वर्ग सुरू झालेला आढळतो.

परराज्यातून येणाऱ्यांसाठी आणखी एक विचार निर्णायक ठरू शकतो. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांत राज्याच्या ८५ टक्के कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी व बारावी या दोन्ही परीक्षा महाराष्ट्रातून उत्तीर्ण असण्याची अट आहे. तिला काही अपवाद आहेत. समजा, गोव्यातील एका महाविद्यालयातून पनवेल परिसरात नियुक्त झालेल्या प्राध्यापिकेची कन्या नववीत आहे. दहावी जुन्या शाळेतच पूर्ण करावी, हा सल्ला मानसिक स्वास्थ्याच्या दृष्टीने योग्य वाटेल. परंतु तिला वैद्यकीय शिक्षणाची ओढ असल्यास त्याच सल्ल्याने पुढील दार अरुंद होईल. याउलट, सातारा किंवा नांदेडहून येणाऱ्या दहावीच्या विद्यार्थ्याबाबत ही अडचण नाही. तेथे एक वर्ष थांबणे आणि अकरावीला पनवेलमध्ये प्रवेश घेणे हा मार्ग बहुधा अधिक सोयीचा असतो. त्यासाठी पालकांपैकी एकाने वर्षभर वेगळे राहणे, ही किंमत मात्र कुटुंबाने समजून-उमजून स्वीकारावी लागते.

निर्णयाचा क्रम

वरील विवेचनातून पुढील क्रम सुचविता येतो. प्रथम पाल्याची इयत्ता, माध्यम आणि मंडळ लक्षात घेऊन दोन-तीन शाळा निश्चित कराव्यात. त्यानंतर तेथे जागा उपलब्ध असल्याची खात्री करावी. मगच त्या शाळांपासून पायी किंवा एका साध्या प्रवासात गाठता येईल अशा टप्प्यात घर पाहावे. घरभाडे, शालेय शुल्क, बसभाडे आणि शिकवणीचा खर्च यांची एकत्रित बेरीज करावी. कमी भाड्याचे दूरचे घर या बेरजेत अनेकदा महाग ठरते. पहिले वर्ष भाड्याच्या घरात काढून, शाळा मानवल्यानंतरच खरेदीचा विचार करणे श्रेयस्कर होय. पालकांनी मुंबईपर्यंतचा प्रवास स्वतःकडे घ्यावा आणि पाल्याचा प्रवास लहान ठेवावा. प्रौढ व्यक्ती गाडीतही काम करू शकते, पण दमलेला विद्यार्थी वर्गात शिकू शकत नाही.

समारोप

नवीन पनवेलसारख्या नियोजित वसाहतीत शाळांची वानवा नाही. अडचण आहे ती योग्य शाळा ओळखण्याची. प्रवेशक्षेत्राचे बंधन नसल्यामुळे पालकाला निवडीचे स्वातंत्र्य मिळते, पण माहिती मिळविण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. ज्याच्याकडे वेळ, वाहन आणि ओळखी आहेत तो हे स्वातंत्र्य वापरू शकतो. इतरांना जवळची शाळा हीच एकमेव शाळा असते. त्यामुळे चांगल्या वस्तीचा शोध घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबाने जवळच्या अनुदानित शाळेकडे पाठ फिरविण्यापूर्वी तिची नीट पाहणी करावी. पालक-शिक्षक संघात एका प्राध्यापक पालकाची सक्रिय उपस्थिती त्या शाळेला आणि पर्यायाने त्या वस्तीला बळ देऊ शकते. चांगली शाळा निवडता येते, तशीच ती काही अंशी घडविताही येते, ही जाणीव स्थलांतरित कुटुंबाला नव्या गावाशी जोडणारा पहिला धागा ठरू शकते.