तलवार म्यानात ठेवणारे नियम

घरातील मुलांच्या मेजावर नेहमीच्या सहा बाजूंच्या फाशांशेजारी चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचे फासे दिसू लागले, तर वडीलधाऱ्यांनी दचकण्याचे कारण नाही. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ ह्या अमेरिकन खेळाची ती सामग्री होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी तो रचिला आणि १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा ह्या लहानशा गावातून तीन पुस्तिकांच्या रूपाने तो प्रसिद्ध झाला. पहिल्या छपाईच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या.

ह्या खेळास पट लागतोच असे नाही, आणि शेवटी अमुक जिंकला, तमुक हरला असेही नाही. प्रत्येक खेळाडू एखाद्या योद्ध्याची, मांत्रिकाची किंवा चोराची भूमिका घेतो. एकजण सूत्रधार होतो. सूत्रधाराने भुयाराचे, त्यातील राक्षसांचे व द्रव्याचे वर्णन करावयाचे. इतरांनी आपापले पात्र काय करील ते सांगावयाचे. आणि निकाल अनिश्चित असेल तेथे फासे टाकावयाचे. नाटक, गोष्ट आणि सोंगट्या ह्यांचा हा एक चमत्कारिक संगमच म्हणावयाचा.

पन्नास वर्षांत ह्या खेळाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. १९८९, २०००, २००८, २०१४ आणि २०२४ ही त्यांतील ठळक वर्षे. नियमांची भाषा स्वच्छ झाली, पहिल्याच धडाक्यात पात्र मरण्याची भीती कमी झाली, पात्रांस नाना शक्ती लाभल्या. ह्या सुधारणा नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु जुने घर पाडताना एखादी भक्कम तुळईही जळाऊ लाकडांत विकली जावी, तसे काही उत्तम नियम ह्या ओघात बाजूस पडले. टॉम मोल्डव्हे ह्यांनी संपादिलेली १९८१ सालची चौसष्ट पानांची प्राथमिक पुस्तिका उघडली, म्हणजे ते कोणते हे ध्यानात येते. त्या सर्वांचा रोख एकच : तलवार हा शेवटचा उपाय असावा.

प्रथम अनुभवाच्या गुणांचा हिशेब पाहू. हे गुण साठले म्हणजे पात्र वरच्या पायरीस चढते. १९८१ च्या पुस्तिकेप्रमाणे योद्ध्यास दुसरी पायरी गाठण्यास २,००० गुण लागतात. ऑर्क नावाचा सामान्य राक्षस मारिला, तर मिळतात १०. म्हणजे केवळ मारामारीवर भिस्त ठेवणाऱ्याने आपल्या वाट्याचे दोनशे ऑर्क लोळविले पाहिजेत! उलट भुयारातून सुखरूप बाहेर आणलेल्या द्रव्यास दर सुवर्णमुद्रेमागे एक गुण मिळतो. साहजिकच शहाणा खेळाडू विचार करितो : ह्यांस चुकवून पेटी उचलता येईल काय? काही देऊन-घेऊन वाट मिळेल काय? १९८९ च्या आवृत्तीत सुवर्णाचे हे गुण ऐच्छिक झाले, आणि २००० साली मुख्य नियमांतून ते गेलेच. २०१४ च्या आवृत्तीत दुसऱ्या पायरीस ३०० गुण पुरतात आणि एका ऑर्काचे १०० मिळतात. तीन मारिले की काम झाले. झुंजीवाचून टाळलेल्या संकटासही गुण देण्याची मुभा तेथे आहे. पण मुभा आणि नियम ह्यांत फार अंतर असते.

दुसरा नियम पहिल्या भेटीचा. समोर आलेल्या राक्षसाची वृत्ती सूत्रधाराने आधी ठरविली नसेल, तर दोन फाशांची बेरीज पाहावयाची. दोन आले तर तत्काळ हल्ला. तीन ते पाच आले तर वैरभाव. सहा ते आठ आले तर संभ्रम. नऊ ते अकरा आले तर तो निघून जातो किंवा बोलणे ऐकून घेतो. आणि बारा आले तर चक्क मैत्री. छत्तीस शक्यतांपैकी तत्काळ हल्ल्याची एक, आणि संभ्रमाच्या सोळा. हा संभ्रम म्हणजेच संभाषणास मिळालेली जागा. ज्या पात्राचे व्यक्तिमत्त्व आकर्षक, त्याने बोलणे केले तर बेरजेत एक-दोन मिळविले जातात. गोड वाणीची किंमत अशी आकड्यांत मांडणारा नियम लहानांच्या खेळात असावा, हे आम्हांस फार मोलाचे वाटते.

तिसरा नियम धीराचा. प्रत्येक जातीच्या राक्षसास दोनपासून बारापर्यंत धीराचा एक आकडा दिलेला असतो. झुंजीत पहिला बळी पडला म्हणजे एकदा, आणि निम्मे पडले म्हणजे पुन्हा एकदा, दोन फासे टाकावयाचे. बेरीज त्या आकड्याहून अधिक आली, तर उरलेले माघार घेतात. गॉब्लिन ह्या ठेंगू राक्षसाचा आकडा सात. हिशेब केला तर दर तीन झुंजींपैकी सुमारे दोन झुंजींत गॉब्लिन निम्मे पडेपर्यंत तरी पळ काढतील. हाडांच्या सापळ्यांचा आकडा मात्र बारा; ते मागे हटत नाहीत. प्रत्येक शत्रू मरेपर्यंत लढतो, ही कल्पना खऱ्या युद्धासही धरून नाही. शिवाय पळणाऱ्याचे काय करावयाचे, शरण आलेल्यास अभय द्यावयाचे की नाही, असे खरे नीतीचे प्रश्न ह्याच नियमातून खेळाडूंपुढे उभे राहतात.

चौथा नियम काळाचा व उजेडाचा. भुयारात दहा मिनिटांची एक घटका धरावयाची. मशाल सहा घटका जळते. दर दोन घटकांनी सूत्रधाराने एक फासा टाकावयाचा; एक आला की एखादा भटका राक्षस येऊन ठेपतो. म्हणजे एक मशाल विझेपर्यंत तीन वेळा धोका; आणि त्या अवधीत गाठ पडण्याचा संभव शेकडा बेचाळीस. भटक्याजवळ द्रव्य बहुधा नसते, म्हणून त्याच्याशी झुंजणे म्हणजे निव्वळ तोटा. वेळ, उजेड व ओझे ह्यांचा मेळ घालून वेळीच परत फिरणे, हीच ह्या खेळातील खरी चतुराई ठरते.

पाचवा नियम पगारी साथीदारांचा. सामान्य व्यक्तिमत्त्वाच्या पात्रास चार साथीदार ठेविता येतात. पण मोहीम संपताच त्यांच्याही धीराचे फासे पडतात, आणि निष्ठा ढळली तर तो साथीदार त्या धन्याकडे पुन्हा येत नाही. चाकरास पुढे ढकलून स्वतः मागे राहणाऱ्यास लवकरच एकटे चालावे लागते.

जुने ते सारेच सोने, असे मात्र कोणी समजू नये. १९७८ च्या खेळाडू-ग्रंथात मानवी स्त्रीपात्राच्या बलास पुरुषपात्राहून कमी मर्यादा घातली होती. ती पुढे १९८९ च्या आवृत्तीतून गेली, हे योग्यच झाले. एल्फ जातीच्या पात्राने दहाव्या पायरीपुढे व बुटक्याने बाराव्या पायरीपुढे जाऊच नये, हाही निर्बंध पुन्हा आणण्याजोगा नाही. जन्मावरून कर्तृत्वाची सीमा ठरविणारे नियम खेळातही नकोत. तसेच सोन्याच्या लोभावर गुण वाढावेत हे कित्येकांस रुचणार नाही. त्यांनी सुवर्णमुद्रेऐवजी सोडविलेला बंदिवान किंवा शोधून आणिलेला ग्रंथ ह्यांस गुण ठेवावेत. नियमाचा गाभा कायम राहतो.

पुनरुज्जीवनाची चिन्हे दिसू लागलीही आहेत. २०१४ च्या सूत्रधार-ग्रंथात धीराचा नियम ऐच्छिक म्हणून आहे. जुन्या खेळात नवव्या पायरीच्या योद्ध्याने गढी बांधून मुलूख राखावा अशी योजना असे; २०२४ च्या ग्रंथात पात्रास पाचव्या पायरीपासून स्वतःचे ठाणे बाळगिता येते. गॅव्हिन नॉर्मन ह्यांनी २०१९ साली ‘ओल्ड-स्कूल एसेन्शियल्स’ ह्या नावाने १९८१ चे नियम नीट मांडून प्रसिद्ध केले. केल्सी डिऑन ह्या बाईंच्या २०२३ सालच्या ‘शॅडोडार्क’ ह्या खेळात तर मशाल घड्याळाच्या खऱ्या एका तासात विझते!

पण एवढ्यावर थांबून चालणार नाही. भेटीचा व धीराचा हे दोन नियम ऐच्छिकांच्या कोपऱ्यातून काढून पुढच्या आवृत्तीच्या पहिल्या प्रकरणात बसविले पाहिजेत. तोवर कोणत्याही घरच्या सूत्रधाराने ते एका चिठ्ठीवर उतरून घ्यावेत. दोन साध्या फाशांवर काम भागते. खेळाडू अखेर तेच शिकतो, ज्याचे खेळ गुण देतो. मारण्याचे गुण दिले तर मुले मारण्यात तरबेज होतील; बोलण्याचे, सोडून देण्याचे आणि वेळीच परतण्याचे दिले, तर त्यांतही ती तितक्याच उत्साहाने तरबेज होतील.