शनिवारच्या सामन्याचा मंगळवार

'फुटबॉल मॅनेजर' या व्हिडिओ गेममध्ये चेंडूला लाथ मारायची सोयच नाही. इथे तुम्ही खेळाडू नसता, संघाचे मॅनेजर असता. खेळाडू विकत घ्यायचे, अकरा जण निवडायचे, डावपेच आखायचे आणि शिट्टी वाजली की मैदानाच्या कडेला उभं राहून बघत राहायचं. फार तर कडेवरून ओरडून एखादी सूचना द्यायची किंवा बदली खेळाडू उतरवायचा. एवढ्याशा कामावर लोक रात्री जागवतात याचं नवख्या माणसाला नवल वाटतं. माझ्या मते मात्र खरं नवल सामन्याच्या पडद्यावर शोधूच नये. ते सरावाच्या कोष्टकात आहे, सामन्याआधीच्या मंगळवार-बुधवारात.

या जातीच्या खेळांची सुरुवात 1982 सालची. केव्हिन टॉम्स या इंग्लिश प्रोग्रॅमरने बनवलेल्या 'फुटबॉल मॅनेजर'मध्ये प्रत्येक खेळाडूला दोनच मापं होती: कौशल्य आणि दम. खेळवला की दम घटायचा, बसवला की भरून यायचा. तयारी म्हणावी तर तेवढीच. दहा वर्षांनी पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या भावांचा 'चॅम्पियनशिप मॅनेजर' आला. पुढे त्यांची स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह ही कंपनी प्रकाशकापासून वेगळी झाली, जुनं नाव प्रकाशकाकडे राहिलं आणि 2004 पासून त्यांचा खेळ 'फुटबॉल मॅनेजर' या नावानं निघू लागला. त्यात आता मैदानी खेळाडूचे 36 गुण 1 ते 20 या मापात डोळ्यांसमोर मांडलेले असतात. पासिंग, टॅकलिंग, वेग हे तर आहेतच, पण निर्णयक्षमता आहे, एकाग्रता आहे, चेंडू आपल्याकडे नसताना नेमक्या जागी सरकण्याची समजही आहे. शिवाय सातत्य, मोठ्या सामन्यातला टिकाव असे काही गुण मुद्दाम दडवून ठेवलेले. ते कुठे आकड्यात दिसत नाहीत.

सामन्याची तयारी हा वेगळा विभाग 'फुटबॉल मॅनेजर 2011'मध्ये आला. एकूण सरावातला किती वाटा पुढच्या सामन्यासाठी राखायचा आणि त्यात भर कशावर द्यायचा, हे मॅनेजरनं ठरवायचं. 2018 च्या अखेरीस आलेल्या 'फुटबॉल मॅनेजर 2019'नं ही कल्पना पूर्ण उलगडली. आता आठवड्याचं कोष्टकच समोर येतं. प्रत्येक दिवसाला तीन कप्पे, दोन नेहमीच्या सत्रांचे आणि एक जादा सत्राचा. आठवड्याचे झाले 21. ऐकायला भरपूर वाटतात. भरायला बसलं की पुरत नाहीत.

सामना शनिवारी, असं समजू. आधीच्या सामन्याचे पाय अजून जड आहेत, म्हणून रविवार विश्रांतीत आणि अंग मोकळं करण्यात जातो. सोमवारी मागच्या सामन्याची चिकित्सा. मंगळवार-बुधवार हे घाम गाळायचे दिवस: ताकद, दमसास, चेंडू गमावल्या क्षणी समोरच्यावर तुटून पडण्याचा सराव, गोलरक्षकापासून छोट्या पासनी खेळ उभा करण्याचा सराव. गुरुवारी जोर कमी होतो. शुक्रवारी येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याची ओळख करून देणारं सत्र असतं आणि त्याच्या आसपास सामन्याच्या तयारीची खास सत्रं: आक्रमणातल्या हालचाली, बचावाची रचना, संघभावना, कॉर्नर आणि फ्री किक. सत्रागणिक थकवा वेगळा, दुखापतीचा धोका वेगळा. आघाडीचे, बचावाचे आणि गोलरक्षक असे संघाचे तीन गट पाडलेले असतात आणि बऱ्याच सत्रांत कोणत्या गटाकडे जास्त लक्ष जाणार हेही ठरलेलं असतं. स्ट्रायकरना गोलासमोर घटवायचं, तर तेवढा वेळ बचावपटूंच्या वाट्याचा जातो.

मला भुरळ पडते ती या सत्रांच्या आयुष्याची. मंगळवारी घेतलेल्या मेहनतीचं फळ कधी दिसेल ते सांगता येत नाही. सतरा वर्षांच्या मुलाचं पासिंग 11 वरून 12 वर जायला महिनोन् महिने लागतात, पण एकदा गेलं की ते त्याचं झालं. शुक्रवारच्या 'डिफेन्सिव्ह शेप' या सत्राचं तसं नाही. त्यातून मिळणारा छोटासा फायदा पुढच्या सामन्यापुरता असतो. अंतिम शिट्टीबरोबर तो संपतो आणि पुढच्या शुक्रवारी पाटी पुन्हा कोरी. म्हणजे हे सत्र नाटकाच्या रंगीत तालमीसारखं आहे: प्रयोग धरून ठेवायला तिचा उपयोग, पण नट घडतो तो त्याआधीच्या वर्षांत. सगळे कप्पे अशा सत्रांनी भरले तर येता शनिवार सुधारेल आणि तो सतरा वर्षांचा मुलगा आहे तिथेच राहील. मुलांना घडवण्यावर सगळा वेळ घातला, तर ती मुलं मोठी होण्याआधी मॅनेजरची नोकरी जाईल. एका कोष्टकात दोन वेगवेगळी घड्याळं चाललेली असतात, आणि प्रत्येक कप्पा भरताना त्यातलं एक निवडावं लागतं.

तिसरं घड्याळही आहे. नवी व्यूहरचना आखली की खेळाडूंना ती लगेच अंगवळणी पडत नाही. पासची लांबी, खेळाची गती, रुंदी, प्रतिस्पर्ध्यावर दबाव किती टाकायचा, कोणी कोणाला राखायचं, अशा बाबींमध्ये संघ किती मुरला आहे हे दाखवणाऱ्या पट्ट्या असतात. त्या हळूहळू भरतात. एका वेळी तीनच व्यूहरचना सरावात ठेवता येतात. कागदावरचा डावपेच कितीही हुशार असला, तरी पट्टी अर्धवट असेल तर बचावपटू क्षणभर उशिरा वळतो. त्या क्षणात गोल होतो.

खऱ्या मैदानावर हे कसं दिसतं? 24 सप्टेंबर 2016 रोजी चेल्सीचा संघ आर्सेनलकडून 3-0 असा हरला. त्यानंतर प्रशिक्षक अँटोनियो कॉन्टेंनी बचावात तीन खेळाडूंची 3-4-3 ही रचना कायम केली आणि चेल्सीनं लीगमधले पुढचे सलग 13 सामने जिंकले. समोर प्रतिस्पर्धी न ठेवता अकरा जणांकडून त्याच त्या हालचाली घोटून घेण्यासाठी कॉन्टे ओळखले जातात. पण आधीच्या मोसमात चेल्सी दहाव्या स्थानावर घसरली होती, म्हणून त्या वर्षी त्यांना युरोपातली स्पर्धाच नव्हती. आठवड्याच्या मध्यावरचे दिवस घोटून घ्यायला मोकळे होते. त्या मोसमाचं विजेतेपद चेल्सीचं.

आठवड्याला हा आकार द्यायचा विचारही मैदानावरूनच गेममध्ये आलेला आहे. पोर्तुगालमध्ये पोर्टो विद्यापीठातल्या व्हितोर फ्रादे यांनी 'टॅक्टिकल पिरियडायझेशन' ही पद्धत मांडली. शरीर एकीकडे, डावपेच दुसरीकडे असं न करता रोजचा व्यायामच संघाच्या खेळण्याच्या पद्धतीतून काढायचा आणि कोणत्या दिवशी किती ताण द्यायचा हे सामन्यापासूनच्या अंतरावर ठरवायचं. प्रशिक्षक जोझे मोरिन्यो यांच्यामुळे ही पद्धत जगभर पोचली.

आणि शुक्रवारचं ते शेवटचं सत्र? त्याचा अर्थ कळायला 7 मे 2019 ची लिव्हरपूलच्या अॅनफिल्ड मैदानावरची रात्र पाहावी. चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात लिव्हरपूल बार्सिलोनाकडून 3-0 हरलं होतं. खेळ थांबला की बार्सिलोनाचे खेळाडू गाफील राहतात, हे लिव्हरपूलच्या विश्लेषकांनी चित्रफितींतून आधीच हेरलं होतं. मैदानाभोवतीच्या बॉल बॉइजना चेंडू झटपट परत द्यायला सांगून ठेवलं होतं. 79 व्या मिनिटाला कॉर्नर मिळाला आणि चेंडू लगेच आला. लिव्हरपूलचा ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड कॉर्नरच्या जागेपासून दूर निघाला, मग एकदम मागे वळून त्यानं चेंडू गोलासमोर मारला. बार्सिलोनाचे खेळाडू अजून आपापल्या जागा घेत होते. दिवॉक ओरिगीनं गोल केला, 4-0. त्या दोन सेकंदांमागे कुठल्या तरी खोलीत, पडद्यासमोर बसून घालवलेले तास होते.

गेममध्येही विश्लेषक येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचा अहवाल देतो: गोल कुठून खातात, कोणत्या बाजूनं फसतात. त्यात कॉर्नरवरचा कमकुवतपणा दिसला की मॅनेजर गुरुवारी कॉर्नरचा सराव लावतो. त्यांच्या डाव्या बॅकचा उजवा पाय लंगडा असेल, तर त्याला त्याच पायावर ढकलत राहायची सूचना देतो. शनिवारी साठाव्या मिनिटाला आपला उंच सेंटर-बॅक कॉर्नरवर हेडरनं गोल करतो. हा गोल गुरुवारचा, की त्या खेळाडूच्या हेडिंगपुढच्या 16 या आकड्याचा, की निव्वळ नशिबाचा? गेम सांगत नाही. खऱ्या प्रशिक्षकालाही हे कोणी सांगत नाही. न सांगण्यातला हा प्रामाणिकपणा मला या खेळाचा सर्वांत मोठा गुण वाटतो. तयारी करणाऱ्याच्या हातात फक्त शक्यता थोडी वाकवणं असतं.

हे सगळं चाललं असताना संघ जिंकू लागतो. इथे गेमची रचना फार खोल आहे. लीगमध्ये वरचं स्थान मिळालं की बक्षीस म्हणून युरोपातली स्पर्धा मिळते, आणि ती स्पर्धा आठवड्याचा मधला भाग घेऊन टाकते. शनिवारी सामना, बुधवारी सामना, पुन्हा शनिवारी सामना. रविवारी विश्रांती, मंगळवारी प्रतिस्पर्ध्याची ओळख, गुरुवारी पुन्हा विश्रांती. घाम गाळायच्या सत्रांना जागाच उरत नाही, नव्या व्यूहरचनेची पट्टी जिथल्या तिथे थांबते आणि ज्या तयारीच्या जोरावर वर आलो तिलाच वेळ मिळत नाही. 2015-16 मध्ये युरोपाचा भार नसलेल्या लेस्टर सिटीनं इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली. पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत धडकही मारली, पण लीगमध्ये संघ बाराव्या स्थानावर राहिला आणि त्याआधीच फेब्रुवारीत प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना पदावरून दूर केलं गेलं. संघाचा मधल्या फळीतला खेळाडू एन्गोलो कान्ते चेल्सीला गेला, हेही कारण होतंच. पण गेममध्ये असा मोसम काढलेल्या कोणालाही त्या वर्षीचं लेस्टरचं कोष्टक डोळ्यांसमोर आणता येतं.

अशा आठवड्यात मॅनेजर निम्मा संघ बदलून उतरवतो. थकलेल्यांचं शरीर भरून येतं, पण बाहेर बसलेल्यांची सामन्याची धार हळूहळू जाते, कारण ती सरावात पुरती टिकत नाही, प्रत्यक्ष खेळूनच टिकते. म्हणून मग गुरुवारच्या मोकळ्या दुपारी राखीव संघाचा एखादा मैत्रीपूर्ण सामना ठेवायचा आणि त्यात कोणाला 45 मिनिटं द्यायची, कोणाला पूर्ण 90, याची यादी करायला बसायचं.