मोबाइलवरची तेजी-मंदी : हात यंत्राचा, खिसा आपला

भातलावणी उरकली होती. बदलापूरजवळच्या सोनिवलीत एका घरी करपा रोगाविषयी बोलणे चालले होते. एवढ्यात घरच्या मुलाने मोबाइल पुढे केला.

"साहेब, आता बाजाराकडे बघत बसायला नको. एकदा प्रोग्राम लावला की ऑप्शनचे सौदे तो आपोआप टाकतो. शिवाय स्प्रेड आहे, म्हणजे तोटा ठरलेलाच."

पडवीत तांदूळ निवडणारी त्याची आई म्हणाली, "साहेब, हे पीक कोणत्या हंगामाचं?"

आम्ही हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जमीन विकून आलेल्या पैशातला काही भाग मुलगा यात घालणार होता.

शेतकरी बंधुभगिनींनो, ऑप्शन म्हणजे एक प्रकारचा इसार. समजा, पेंढ्याच्या व्यापाऱ्याने ५०० रुपये इसार देऊन सांगितले, "महिनाभरात वाटले तर तुमचा पेंढा १०,००० रुपयांना घेईन." भाव चढला तर तो पेंढा उचलील, उतरला तर इसार सोडून देईल. ही झाली तेजी. भाव पडेल म्हणून दिलेला इसार ती मंदी. हे शब्द बाजारात जुनेच आहेत. १९५२ च्या वायदे करार कायद्याने मालाच्या तेजी-मंदीला बंदी घातली होती. शेअर निर्देशांकाचे ऑप्शन मात्र राष्ट्रीय शेअर बाजारात जून २००१ पासून रीतसर चालतात.

आता स्प्रेड पाहू. यात एक इसार द्यायचा आणि दुसरा घ्यायचा. हिशेबापुरते आकडे धरू. निर्देशांकाची २५,००० ची तेजी १२० रुपयांना घेतली आणि २५,२०० ची ५० रुपयांना विकली. पदरचे गेले ७० रुपये. एका लॉटमध्ये ६५ नग धरले तर जास्तीत जास्त तोटा ४,५५० रुपये आणि जास्तीत जास्त नफा ८,४५० रुपये. दलाली व कर वेगळे.

म्हणजे मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. एका सौद्याचा तोटा ठरलेला असतो. पण सौदे किती होणार, हे कुठे ठरलेले असते? असे दहा सौदे बुडाले तर ४५,५०० रुपये गेले. २०२५-२६ च्या हंगामाचा साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या भावाने हे सुमारे १९ क्विंटल भात झाले. यंत्र थकत नाही आणि त्याला भीतीही वाटत नाही, म्हणून हे दहा सौदे ते बघता बघता उरकते.

दुसरी गोष्ट. बैलजोडीसारखे स्प्रेडचे दोन्ही सौदे बरोबर चालावे लागतात. विकलेला सौदा लागला आणि घेतलेला अडकला, किंवा मध्येच नेट गेले, तर विकलेली तेजी एकटी उरते. तिच्या तोट्याला तळ नाही.

सेबी ही शेअर बाजारावर देखरेख करणारी सरकारी संस्था. तिने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेली पाहणी प्रत्येक घरात वाचली जावी. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शन करणाऱ्या १०० पैकी ९३ जणांना तोटा झाला. खर्च धरून तो सरासरी माणशी सुमारे दोन लाख रुपये होता. याच क्षेत्रात परदेशी गुंतवणूक संस्थांनी आणि दलाली पेढ्यांच्या स्वतःच्या खात्यांनी २०२३-२४ मध्ये जो नफा मिळवला, त्यातला ९५ टक्क्यांहून अधिक यंत्राने टाकलेल्या सौद्यांतूनच आला. आपल्या हाती यंत्र आले, तसे ते समोरच्याच्या हातीही आहे, आणि त्याचे भांडवल मोठे आहे.

तरीही कोणाला शिकायचेच असेल, तर एवढे पाळावे :

पीककर्ज, दागिने, जमिनीचा मोबदला यांना हात लावू नये.

आपला पासवर्ड किंवा ओटीपी प्रोग्राम विकणाऱ्याला देऊ नये. "महिन्याला अमुक टक्के नक्की" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे.

४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने सेबीने अशा प्रोग्रामांना शेअर बाजाराची नोंदणी लागू केली आहे. आपल्या दलालाकडे त्या नोंदणीची चौकशी करावी.

आधी तीन महिने सौदे फक्त वहीत मांडावेत. दलाली आणि कर धरूनच बेरीज करावी, आणि ती वही घरच्या बाईमाणसांसमोर उघडावी.

त्या घरी मी एवढेच सांगितले. मुलाने वही घातली. जमिनीचे पैसे तूर्त बँकेतच ठेवायचे ठरले. निघताना मी त्या माउलीला म्हटले, "बाई, याला हंगाम नाही आणि पीकविमाही नाही. म्हणून बियाण्याचे पैसे यात पेरायचे नाहीत."