निवृत्ती आली, विमा गेला

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी उस्मानपुऱ्यातील माझ्या दवाखान्यात वाळूजच्या एका कारखान्यातील सुपरवायझर सपत्नीक आले. वय 57. नऊ वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची रोज एक गोळी. तपासणी झाल्यावर त्यांनी पिशवीतून विम्याचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"डॉक्टरसाहेब, मार्चमध्ये रिटायर होतोय. कंपनीचा मेडिक्लेम त्याच दिवशी बंद. एजंट म्हणतो, आजारांच्या रकान्यात सगळीकडे 'नाही' लिहा. तुम्ही फक्त तुमच्या कागदावर शुगरचं वर्ष टाकू नका."

माझ्याच वयाचे गृहस्थ, पंचवीस वर्षांची ओळख. नाही म्हणणे जड गेले, पण म्हटले. त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या एका रुग्णाने असाच फॉर्म भरला होता, मला न विचारता. पॉलिसीला चौदा महिने झाले आणि हृदयविकाराचा झटका आला. रात्री दोन वाजता इस्पितळात ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी विचारले तेव्हा मुलाने खरे ते सांगितले, "बाबांना दहा वर्षांपासून शुगर आहे." ते केसपेपरवर लिहिले गेले, आणि लिहायलाच हवे होते, कारण उपचार त्यावर ठरतात. पुढे कंपनीने केसपेपर मागवले, फॉर्मवरचे 'नाही' त्याच्याशी ताडून पाहिले आणि दावा नाकारला. बिल प्रॉव्हिडंट फंडातून गेले. ते गृहस्थ आजही रक्तदाब तपासायला येतात. तो विषय आम्ही दोघेही काढत नाही.

आजार लपवण्याची गरज पूर्वीपेक्षा आता कमी झाली आहे, हे बहुतेकांना ठाऊक नसते. 1 एप्रिल 2024 पासून वयाची 65 वर्षे उलटली म्हणून नवा आरोग्य विमा नाही, ही अट राहिलेली नाही. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त चार वर्षे थांबावे लागे, ती मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली तर फॉर्ममध्ये अमुक सांगितले नाही एवढ्यावरून दावा नाकारता येत नाही. एजंट मंडळी हे शेवटचे वाक्य फार आवडीने सांगतात, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळलेली आहे, हे सांगत नाहीत. आणि पाच वर्षे झटका थांबून राहील याची हमी कोण देणार?

आता हिशेब मांडा. निवृत्ती 58 व्या वर्षी आणि मधुमेहासाठी थांबायचे तीन वर्षे. म्हणजे स्वतःची पॉलिसी 54-55 व्या वर्षी सुरू झाली पाहिजे, कंपनीचा विमा चालू असतानाच. तेव्हा दोन हप्ते भरणे जिवावर येते, मुलीचे लग्न किंवा घराचे कर्ज डोक्यावर असते. पण निरोपसमारंभाच्या आठवड्यात घेतलेली पॉलिसी मधुमेहाच्या बाबतीत साठी उलटल्यावर उपयोगी पडते. मोतीबिंदू, हर्निया, गुडघेबदल यांनाही बहुतेक पॉलिसींत दोन-तीन वर्षे थांबावे लागते, आणि नेमके हेच त्या वयाचे आजार!

सुपरवायझरसाहेबांना मात्र एक वाट मोकळी होती. कंपनीचा गटविमा ज्या विमा कंपनीकडे असतो, त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याचा हक्क सभासदाला असतो. गटविम्यात काढलेली वर्षे त्या रकमेपुरती प्रतीक्षेतून वजा होतात. त्यासाठी नोकरीत असतानाच ऑफिसात जाऊन विमा कंपनीचे नाव, पॉलिसी नंबर आणि आपण कधीपासून सभासद आहोत याचा कागद घ्यावा. नंतर तो कागद मिळवताना चपला झिजतात.

दुसरा प्रश्न रकमेचा. तीन लाखांची पॉलिसी आज पुरेलच असे नाही आणि या वयात दहा लाखांची घ्यायची तर हप्ता भारी पडतो. यावर सुपर टॉप-अप हा उपाय आहे. वर्षातला पहिला तीन लाखांचा खर्च तुमच्या जुन्या पॉलिसीतून किंवा खिशातून, त्यावरचा या पॉलिसीतून. हप्ता त्यामानाने बराच कमी. मात्र नुसता 'टॉप-अप' आणि 'सुपर टॉप-अप' यांत गल्लत करू नका. समजा वर्षात दोनदा भरती झालात, दोन्ही वेळा अडीच-अडीच लाख बिल आले. टॉप-अपमध्ये बहुधा प्रत्येक भरतीचा हिशेब वेगळा, त्यामुळे तीन लाखांची रेघ एकदाही ओलांडली जात नाही आणि हाती शून्य. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज पाच लाख धरतो आणि वरचे दोन लाख देतो. जुने आजार असलेल्या माणसाने कोणता घ्यावा हे वेगळे सांगायला नको. प्रतीक्षेची मुदत यालाही असते, तेव्हा हाही लवकरच घ्यावा.

पॉलिसीच्या कागदात दोन ओळी शोधून वाचा. एक खोलीभाड्याची. मर्यादा रोजची तीन हजार असेल आणि तुम्ही सहा हजारांची खोली घेतली, तर भाड्यातच नव्हे, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशनचे चार्जेस यांतही त्याच प्रमाणात कपात होऊ शकते. दुसरी को-पेची, म्हणजे प्रत्येक बिलात तुमचा ठरावीक टक्के वाटा. ज्येष्ठांच्या पॉलिसींत ती हटकून असते.

"मुलगा पुण्याला आहे, त्याच्या कंपनीच्या विम्यात आम्ही दोघे आहोत," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. चांगलेच आहे. पण मुलाने नोकरी बदलली की तो विमा जातो आणि नव्या कंपनीत आईवडिलांना घेतीलच असे नाही.

सरकारी सोयींना नाक मुरडू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजना 2024 पासून पांढऱ्या रेशनकार्डासाठीही खुली झाली, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, उत्पन्नाची अट नाही. मात्र उपचार यादीतला हवा आणि इस्पितळ योजनेतले. घाटीत किंवा योजनेतल्या खासगी इस्पितळात आरोग्यमित्राच्या टेबलावर विचारून घ्या, तेही दुखणे नसताना.

आरोग्य विम्याच्या वैयक्तिक हप्त्यावरचा 18 टक्के जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून गेला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा तर 2025 पासून कंपनीला आधी विमा नियामकाशी सल्लामसलत करावी लागते. रोजच्या गोळ्यांचा खर्च मात्र बहुतेक पॉलिसींत बसत नाही. तो पेन्शनमधून बाजूला काढावाच लागतो.

दहा दिवसांनी दोघे पुन्हा आले. गटविम्याचा कागद मिळाला होता. फॉर्म नवा होता आणि रकान्यात त्यांच्याच अक्षरात लिहिले होते, 'मधुमेह, 9 वर्षे'. मी सही केली. वहिनी म्हणाल्या, "माझं काय? मला तर काहीच आजार नाही." त्यांची शेवटची रक्ततपासणी कधी झाली, असे विचारले तर दोघांनाही आठवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावले आहे.